हेतू आणि परिणाम यांची गल्लत : ‘जेणेकरून’च्या निमित्ताने

मोहोळसारख्या तालुक्याच्या गावी पदव्युत्तर वर्गांना मराठी शिकवताना प्रबंधांचे मसुदे वारंवार डोळ्यांखालून जातात. अशाच एका मसुद्यात एका विद्यार्थिनीने लिहिले होते : ‘वाचकाने नायकाच्या बाजूने उभे राहावे म्हणून निवेदक काही प्रसंग गाळतो.’ परीक्षकांकडून मसुदा परत आला तेव्हा हे वाक्य खोडलेले होते आणि त्याच्या जागी दुसरे लिहिलेले होते : ‘निवेदक काही प्रसंग गाळतो, जेणेकरून वाचक नायकाच्या बाजूने उभा राहतो.’ समासात शेरा होता : ‘बोलभाषा टाळावी. लेखन औपचारिक असावे.’

परीक्षकांना आपण केवळ शैली सुधारली असे वाटले असावे. वस्तुतः त्यांनी विधानच बदलून टाकले होते. पहिल्या वाक्यात निवेदकाच्या योजनेविषयी दावा आहे. त्याचा पुरावा निवेदनाच्या रचनेत शोधावा लागेल. दुसऱ्या वाक्यात वाचकावर घडणाऱ्या परिणामाविषयी दावा आहे. त्याचा पुरावा वाचनप्रक्रियेत शोधावा लागेल. एक विधान खरे असून दुसरे खोटे असू शकते. म्हणजे औपचारिकतेच्या नावाखाली येथे एक समीक्षात्मक सिद्धान्त पुसला गेला आणि त्याच्या जागी दुसरा बसवला गेला. आणि हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. प्रस्तुत लेखाचा रोख या ‘ध्यानात न येण्या’वर आहे.

प्रथम शब्दाविषयीचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. भाषाशुद्धीचे कैवारी ‘जेणेकरून’ला इंग्रजीचे पिल्लू मानून हद्दपार करू पाहतात. ते चूक आहे. ‘जेणें’ हे ‘जो’ या संबंधी सर्वनामाचे जुने तृतीयान्त रूप. ‘तेणेंकरून’, ‘येणेंकरून’ ही त्याची भावंडे. संस्कृतातील ‘येन’ याच कुळातले. ‘असा उपाय करावा, जेणेकरून रोग हटेल’ या वाक्यात ‘असा’ आणि ‘जेणेकरून’ यांची जोडी आहे. ‘जेणेकरून’ म्हणजे ‘ज्या उपायाच्या योगाने’. तेथे शब्द साधन दाखवतो आणि त्या साधनाचा निर्देश पूर्ववाक्यात असतो. तक्रार शब्दाच्या जन्माबद्दल नाही. त्याच्यावर लादलेल्या नव्या नोकरीबद्दल आहे. आज तो कोणत्याही निर्देशाशिवाय कोणत्याही दोन वाक्यांच्या मध्ये उभा केला जातो आणि इंग्रजीतील ‘सो दॅट’चे काम त्याच्याकडून करून घेतले जाते.

आता ‘सो दॅट’चे काम तरी काय? तो हेतूही सांगतो आणि परिणामही. परंतु इंग्रजी लेखक त्या संदिग्धतेत राहत नाही. हेतू सांगताना तो ‘मे’, ‘माइट’, ‘कॅन’, ‘शुड’ यांसारखी साहाय्यक क्रियापदे योजतो. परिणाम सांगताना क्रियापद घडलेल्या गोष्टीचे असते आणि आधी बहुधा स्वल्पविराम येतो. निःसंदिग्ध हेतूसाठी ‘इन ऑर्डर दॅट’ हा केवळ हेतुवाचक प्रयोग त्याच्या हाताशी असतोच. लॅटिनमध्ये ‘उत्’ हे एकच अव्यय आणि क्रियापदाचा एकच अर्थ दोन्हींकडे चाले; पण नकार येताच वाट फुटे. हेतूचा नकार ‘ने’, परिणामाचा ‘उत् नॉन’. म्हणजे ज्यांचे आपण अनुकरण करतो त्यांनी हा भेद कसोशीने जपला आहे. आपण अव्यय उचलले आणि त्यामागची क्रियापदांची शिस्त तिथेच सोडून आलो. ‘जेणेकरून’च्या वाक्यात क्रियापद बहुधा साध्या भविष्यकाळी किंवा वर्तमानकाळी असते : ‘समजेल’, ‘समजते’. त्यावरून इच्छा कोणती आणि भाकीत कोणते हे कळत नाही. इंग्रजीच्या नेमकेपणाचा हवाला देणाऱ्यांनी इंग्रजीची नक्कलसुद्धा अर्धवटच केली आहे.

मराठीत हा भेद करण्याची सोय नव्हती, असे कोणी म्हणत असेल तर त्याने आपल्याच बोलण्याकडे कान द्यावा. ‘पाऊस पडावा म्हणून गावाने देव पाण्यात ठेवले’ आणि ‘पाऊस पडला म्हणून पेरण्या झाल्या’ या दोन वाक्यांत अव्यय एकच आहे. अर्थ दोन आहेत. आणि तरीही कोणा निरक्षर माणसाचीही गल्लत होत नाही. कारण भेद अव्ययात नाही, क्रियापदाच्या अर्थात आहे. ‘पडावा’ हा विध्यर्थ. ‘पडला’ हे सिद्ध क्रियेचे रूप. लॅटिनची नकाराची कसोटी येथेही उतरते : ‘पीक जळू नये म्हणून’ हा हेतू, ‘म्हणून पीक जळाले नाही’ हा परिणाम. प्रमाण नेमके असेल तेथे ‘इतका… की’ आहे. कर्ता एकच असेल तेथे ‘-ण्यासाठी’ आहे. ही व्यवस्था ‘सो दॅट’हून तसूभरही उणी नाही.

मग ती आपल्याला दिसत का नाही? याचे उत्तर आपल्या व्याकरणपरंपरेत आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले; मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये. या काळातील व्याकरणकारांसमोर एकीकडे संस्कृतचा आणि दुसरीकडे इंग्रजीचा आराखडा होता, आणि या दुहेरी ओझ्याची चिकित्सा कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’मध्ये केलेली आहे. उभयान्वयी अव्ययांचे वर्गीकरण हा इंग्रजी आराखड्याचा ठळक ठसा होय. शालेय व्याकरणाचे कोणतेही पुस्तक उघडावे : परिणामबोधक अव्ययांच्या यादीत ‘म्हणून’ आहे आणि उद्देशबोधक अव्ययांच्या यादीतही ‘म्हणून’ आहे. ‘सबब’ आणि ‘यास्तव’ यांचीही तीच गत. स्पर्धापरीक्षांचा विद्यार्थी या दोन्ही याद्या पाठ करतो. एकच शब्द दोन्हीकडे कसा, हा प्रश्न तो विचारत नाही. कारण याद्या करणाऱ्यांनीही तो पुरेशा जोराने विचारलेला नाही. अर्थ शब्दावर टांगायचा, क्रियापदाकडे पाहायचे नाही, ही सवय येथून लागते. ‘म्हणून’ संदिग्ध ठरतो आणि ‘नेमका’ म्हणून ‘जेणेकरून’ आणला जातो.

‘म्हणून’विषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो ‘म्हणणे’ या धातूचे रूप आहे. ज्ञानेश्वरीतील ‘म्हणौनि’ त्याचेच जुने रूप. ‘पाऊस पडावा म्हणून’ याचा मूळ घाट ‘पाऊस पडावा असे म्हणून’ असा आहे. म्हणजे हेतुवाक्यात एक बोलणारा दडलेला असतो. इच्छा कोणाची तरी असते. आमच्या सोलापूर जिल्ह्यात मराठीच्या शेजारी कन्नड आणि तेलुगू नांदतात. कन्नड माणूस ‘मळे बरलि अंत’ म्हणतो, तेलुगू माणूस ‘वर्षं पडालनि’ म्हणतो. ‘अंत’ आणि ‘अनि’ दोन्ही ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूंतून आलेले. संस्कृतातील ‘इति’चे कार्यही या जातीचे. तेव्हा ज्याला परीक्षक ‘बोलभाषा’ म्हणून खोडतात, तो या भूप्रदेशातील अनेक भाषांनी मिळून घडवलेला एक प्रौढ वाक्यबंध आहे.

‘जेणेकरून’ने हा बोलणारा वाक्यातून नाहीसा होतो. समीक्षेत याचे परिणाम गंभीर आहेत. ‘‘कोसला’त (१९६३) प्रथमपुरुषी निवेदन योजले आहे, जेणेकरून वाचकाला एकाकीपणाचा प्रत्यय येतो’, या घाटाची वाक्ये प्रबंधांत पानोपानी आढळतात. येथे हेतू कोणाचा? नेमाड्यांचा? निवेदक पांडुरंग सांगवीकराचा? की हा हेतू नव्हेच, केवळ परिणाम? विम्सॅट आणि बीअर्डस्ली यांनी १९४६ साली लेखकाच्या हेतूला कृतीच्या मूल्यमापनाचे प्रमाण मानण्यावर आक्षेप घेतला. तो आक्षेप मान्य करा वा अमान्य करा; पण त्यासाठी हेतू आणि परिणाम वेगळे मांडता आले पाहिजेत. आपला अभ्यासक पहिल्या प्रकरणात हा वाद सविस्तर सांगतो आणि तिसऱ्या प्रकरणात ‘जेणेकरून’ लिहून तो वाद नसल्यासारखा वागतो. सिद्धान्त प्रस्तावनेत राहतो. वाक्यरचना त्याच्याविरुद्ध साक्ष देते.

शासनव्यवहारातही हेच घडते. ‘टंचाईग्रस्त गावांत टँकर सुरू करावेत, जेणेकरून पाणीपुरवठा सुरळीत होईल’ अशा धाटणीचे वाक्य घ्या. ‘पाणीपुरवठा सुरळीत व्हावा म्हणून’ असे लिहिले असते तर ते उद्दिष्ट ठरले असते, आणि उद्दिष्ट साधले की नाही हे विचारता आले असते. ‘होईल’ म्हटल्याने ते आपोआप घडणारे फळ ठरते. सीनेच्या काठच्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही.

एक आक्षेप रास्त आहे. मराठीत हेतुवाक्य आधी आणि मुख्य वाक्य नंतर येते. हेतू लांबलचक असेल तर वाचकाला क्रियापदाची वाट पाहत राहावे लागते. अशा वेळी मुख्य वाक्य आधी मांडण्याची सोय हवी. ती ‘यासाठी की’ने होते, आणि ‘असा… जेणेकरून’नेही होते; मात्र पुढे विध्यर्थ हवा, निदान मागे निर्देश हवा. परभाषेतून आलेल्या वळणाला माझा विरोध नाही. मराठी गद्य अशा वळणांवरच वाढले आहे. विरोध आहे तो घरातील भेद मोडून बाहेरची संदिग्धता आणण्याला, आणि तिला औपचारिकता म्हणण्याला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचे सोहळे झाले, व्याख्याने झाली. त्याच मराठीचा एक जुना, अचूक वाक्यबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला मात्र तिची भाषा उणी असल्याचे समासात कळवले जाते. तिने आपले वाक्य परत घातले काय? नाही. पदवी हवी होती. तिने सुधारणा स्वीकारली. आता तिच्या प्रबंधात असे एक विधान आहे, जे तिने कधी केलेच नव्हते.