घरापुढील गाडीवाट आणि ब्रासाचा हिशेब

कोल्हापूर भागांतील ऊसकरी शेतकऱ्याच्या घरापुढची वाट आतां बैलगाडीपुरती राहिली नाहीं. ट्रॅक्टर-ट्रॉली, मोटार, दुधाच्या किटल्या नेणारी फटफटी, सारीं त्याच वाटेनें जातात, आणि पाऊस लागला कीं तिचा चिखल होतो. म्हणून ती काँक्रीटची करण्याकडे ओढा दिसतो, व तो योग्यच आहे. परंतु माल किती लागेल हें मिस्त्रीच्या तोंडी अंदाजावर सोडण्याची रीत आम्हांस मान्य नाहीं. जो आपला ऊस काट्यावर डोळ्यांदेखत तोलून घेतो, त्यानें हा हिशेबहि स्वतःच करावा.

१०० घनफूट म्हणजे एक ब्रास. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. त्यावर एक इंच थर पसरला तर सुमारें ९१ घनफूट, म्हणजे ब्रासाला थोडें कमी, इतकें ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ. आतां ४० फूट लांब व १० फूट रुंद वाट घ्या. भरलेली ट्रॉली जावयाची तर ६ इंचांहून कमी जाडी आम्ही सुचविणार नाहीं. एकूण २०० घनफूट, म्हणजे दोन ब्रास झाले. पण दोन ब्रास काँक्रीटास दोन ब्रास कोरडा माल पुरत नाहीं. खडीच्या पोकळींत वाळू व वाळूच्या पोकळींत सिमेंट बसून माल आटतो. म्हणून दीडपटीहून किंचित् अधिक, ३०८ घनफूट धरावा. एकास दीड व तीन या प्रमाणानें ५० किलोचीं सुमारें ४६ पोतीं सिमेंट, ८४ घनफूट वाळू व १६८ घनफूट खडी लागेल. नासधुशीसाठीं दोन-तीन पोतीं वर. ओली वाळू फुगलेली असते, ती घमेल्यानें मोजतांना भरपूर दिसते आणि प्रत्यक्षांत कमी पडते. तयार काँक्रीट गाडीनें मागविल्यास तेथें माप घनमीटरचें. दोन ब्रास म्हणजे ५.६६ घनमीटर.

खरी फसगत तळाशीं होते. शिरोळकडील काळी पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतणें म्हणजे पैसा मातींत घालणें. ती उकरून मुरूम भरावा, पाणी मारून रूळ फिरवावा. गगनबावड्याकडील तांबड्या जमिनींत हें काम थोडक्यांत होतें, पण तेथील पावसास उतार चांगला हवा, तोहि घराकडून बाहेर. तळ सरासरी एकच इंच अधिक खोल राहिला तर ३३ घनफूट काँक्रीट, म्हणजे साडेसात पोतीं सिमेंट, खड्ड्यांत जातें. मग शेवटीं माल कमी पडतो आणि उरलेल्यांत पाणी वाढवून वेळ मारून नेली जाते. यास्तव दोरी ताणून दर ५ फुटांवर खोली मोजावी व तिची सरासरी हिशेबांत घ्यावी.

इतका खर्च ज्यांस झेपत नाहीं त्यांनीं जाडी कमी करूं नये, सिमेंटहि नाहीं. रुंदी कमी करावी. चाकोरीपुरते ३ फुटी दोन पट्टे घातले तर १२० घनफूट काँक्रीट व सुमारें २८ पोतीं पुरतात. मध्यें मुरूम चालतो. फक्त वळणावर ट्रॉलीचें चाक पट्ट्याची कड फोडतें, तेथें पुरी रुंदी घालावी.

काँक्रीट आळल्यावर मातीचे वाफे बांधून दहा दिवस पाणी उभें ठेवावें. उसास पाणी पाजणारास हें शिकविणें नको. काम मात्र गळीत हंगाम उरकल्यावरच काढावें. ताज्या काँक्रीटवरून भरली ट्रॉली २८ दिवस जाऊं द्यावयाची नाहीं, आणि ऐन तोडणींत इतके दिवस वाट अडवून ठेवणें कोणासहि साधणार नाहीं.