आधी गोष्ट, मग सूत्र

नववीच्या विज्ञानात ‘गती’चा धडा आला की घराघरांत एकच घोष सुरू होतो, ‘व्ही इज इक्वल टू यू प्लस एटी’. तीन समीकरणे पाठ होतात, चाचणी परीक्षेत गणित मात्र अडते. आई-वडील म्हणतात, “आमचं शिक्षण मराठीतून किंवा कन्नडमधून झालं, हे इंग्रजी गणित आम्हाला काय कळणार?” पालकहो, या धड्यात मुलाला तुमची जेवढी मदत होऊ शकते तेवढी क्वचितच दुसऱ्या एखाद्या धड्यात होत असेल. कारण त्यातली अडचण आकड्यांची थोडी आणि शब्दांची फार आहे.

आपल्याकडचे एकच मूल तीन भाषांत हा धडा ऐकते. मराठी पुस्तकात ‘चाल’ आणि ‘वेग’ असे दोन शब्द आहेत. कन्नड पुस्तकात त्याच दोन कल्पनांना ‘जव’ आणि ‘वेग’ म्हणतात. इंग्रजीत त्या ‘स्पीड’ आणि ‘व्हेलॉसिटी’ होतात. मराठी कानाला जव म्हणजे धान्य! पण शब्द मुळात संस्कृत आहे. रामरक्षेतल्या मारुतीच्या श्लोकात जव आणि वेग शेजारी शेजारीच येतात. बोलताना आपण हे सगळे ‘स्पीड’मध्ये गुंडाळतो. भौतिकशास्त्राला तेवढे चालत नाही.

फरक सोपा आहे. घरापासून पूर्वेला ३०० मीटरवर दुकान आणि दुकानापासून उत्तरेला ४०० मीटरवर शाळा आहे असे समजा. मुलगी दुकानावरून शाळेत गेली तर ती ७०० मीटर चालली. हे अंतर. पण घरापासून शाळा सरळ रेषेत ५०० मीटरवरच आहे. हे विस्थापन, कन्नडमध्ये ‘स्थानपल्लट’. या शब्दात तर अर्थ उघडाच आहे, जागा किती पालटली एवढेच तो विचारतो. संध्याकाळी ती त्याच वाटेने घरी परतली की अंतर १४०० मीटर आणि विस्थापन शून्य! अंतराला वेळेने भागले की सरासरी चाल मिळते, विस्थापनाला भागले की सरासरी वेग. वेगाला दिशा असते, चालीला नसते. आणि हा वेग दर सेकंदाला किती बदलतो ते त्वरण, म्हणजे कन्नडमधला ‘वेगोत्कर्ष’. स्टँडवरून सुटलेल्या बसमध्ये आपण मागे रेलतो आणि ब्रेक लागला की पुढे झुकतो, तेव्हा शरीराला जाणवते ते हेच.

आता एक गणित घेऊ. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या बसला ब्रेक लावला. वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंदाने कमी होतो. बस किती अंतरावर थांबेल?

मूल लगेच सूत्र शोधू लागेल. त्याला थांबवा आणि घरच्या भाषेत विचारा, कुठून कुठे? एल्लिंद, एल्लिगे? किती वेळ? एष्टु होत्तु? वेग वाढतोय की कमी होतोय? मग कागदावर एक रेघ मारून तिच्यावर बस काढायला सांगा.

ताशी ५४ किलोमीटर म्हणजे ३६०० सेकंदांत ५४,००० मीटर, अर्थात सेकंदाला १५ मीटर. दर सेकंदाला तीन-तीन कमी करत जा. १५, १२, ९, ६, ३, ०. पाच सेकंदांत बस थांबली. वेग सारख्या प्रमाणात उतरला, म्हणून सरासरी १५ आणि ० यांच्या मधली, ७.५. पाच सेकंदांत ३७.५ मीटर. उत्तर आले आणि सूत्र अजून वापरलेलेही नाही! आता सूत्राने करू द्या, तेच येईल.

गोष्ट डोळ्यांपुढे असली की चूकही पकडता येते. ५४ हा आकडा तसाच सूत्रात घातला तर उत्तर ४८६ येते. ब्रेक लावल्यावर अर्धा किलोमीटर जाणारी बस कोणी पाहिली आहे? त्वरणाचे ऋण चिन्ह विसरले तर उणे ३७.५ येते, म्हणजे बस मागे गेली! सूत्र पाठ केलेले मूल हे उत्तर लिहून मोकळे होते. चित्र काढलेले मूल थबकते.

या धड्याचा उपयोग परीक्षेपुरताही नाही. तीच बस दुप्पट वेगाने, ताशी १०८ किलोमीटरने जात असती तर थांबायला १० सेकंद आणि १५० मीटर लागले असते. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. शिवाय चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला तर ताशी ५४ च्या वेगातही आणखी १५ मीटर जातात. महामार्ग ओलांडणाऱ्या आणि उद्या दुचाकी हातात घेणाऱ्या मुलांना हे उपदेशापेक्षा हिशेबाने लवकर पटते.

घरी एका भाषेत बोलायचे आणि शाळेत दुसऱ्या भाषेत लिहायचे, याची लाज वाटायचे कारण नाही. गतीचे शास्त्र ज्या ग्रंथातून उभे राहिले तो गॅलिलिओचा ग्रंथ १६३८ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला छापला गेला. त्यात तीन जण चर्चा करतात. गतीविषयीची प्रमेये पंडितांच्या लॅटिनमध्ये आहेत, आणि त्यांवरच्या शंका, उदाहरणे, वाद हे सारे इटालियनमध्ये, त्यांच्या बोलीत! उतारावरून गोळा सोडून, भांड्यातून गळणारे पाणी तोलून त्याने वेळ मोजला. त्याला आढळले की वेळ दुप्पट तर अंतर चौपट.

या रविवारी हे घरीच करून पाहा. वायरिंगची दोन मीटरची खोबणीची पट्टी घ्या, एका टोकाखाली दोन बोटे जाडीचे पुस्तक ठेवा आणि गोटी सोडा. पहिल्या ५० सेंटिमीटरला लागणारा वेळ मोबाइलवर मोजा, मग पूर्ण दोन मीटरचा. चार-पाच वेळा मोजून सरासरी काढा. दुसरा वेळ पहिल्याच्या दुपटीच्या आसपास येईल. आजी कन्नडमध्ये मोजोत, आजोबा मराठीत; वहीत मुलाने शाळेच्या भाषेत लिहावे.