आधी ग्रामसभा, मग लिलाव

नागपुरात धरमपेठेतल्या बैठकींत सूरजागडच्या लोहखाणीचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते: गडचिरोलीचे दारिद्र्य फिटायचे असेल तर खाणी हव्यातच, आणि ग्रामसभेच्या संमतीचा आग्रह म्हणजे विकासाला खीळ. या मताकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण नागपूर ही खाणखात्याची राजधानी आहे. इंडियन ब्यूरो ऑफ माइन्स, वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉईल यांची मुख्यालये याच शहरात आहेत. राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयही इथलेच. तेव्हा या मताचा प्रतिवादही इथेच व्हायला हवा.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस बंधनकारक केली. लोहखनिज, बॉक्साइट यांसारखी मुख्य खनिजे मात्र त्या कलमातून सुटली. म्हणजे गावातला मुरूम उपसायचा तर गावाला विचारावे लागते. अख्खा डोंगर उपसायचा तर पट्टा देताना विचारण्याचे बंधन नाही. खाण व खनिज कायदा १९५७ चा. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात लिलाव आला, पण लिलावाआधी ग्रामसभेचे मत घेण्याची तरतूद आली नाही. सगळ्या वादाचे मूळ या फटीत आहे.

सूरजागडला तिची किंमत दिसते. सूरजागड ज्यात येते तो एटापल्ली तालुका संपूर्णपणे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो. इथल्या माडिया गोंडांचा ठाकूरदेव सूरजागडच्या डोंगरावर आहे आणि दर जानेवारीत त्याची यात्रा भरते. सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ साली मंजूर झाला. पुढे उत्पादनवाढीसाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये जनसुनावणी ठेवली गेली, ती शंभराहून अधिक किलोमीटर दूर गडचिरोली शहरात. २००६ ची पर्यावरण अधिसूचना सांगते की सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी निकट व्हावी. ज्याच्या शेताशेजारून ट्रक जाणार, त्याने मजुरी बुडवून जिल्ह्याचे ठिकाण गाठावे, अशी अपेक्षा बाळगणाऱ्या सुनावणीला लोकांचे ऐकून घेणे म्हणता येत नाही. त्यानंतर २०२३ मध्ये याच परिसरातील आणखी सहा खाणखंड लिलावात गेले.

यावर पहिला आक्षेप येतो तो राष्ट्राच्या मालकीचा. खनिज देशाचे, त्यावर एका गावाचा नकाराधिकार कसा? पण भूगर्भातील सगळी संपत्ती सरकारची, असे सांगणारा कोणताही कायदा देशात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळमधील जमीनमालकांच्या खटल्यात स्पष्ट केले. त्याच वर्षी नियमगिरी डोंगरावरील बॉक्साइट खाणीचा निर्णय आला. न्यायालयाने प्रश्न ओडिशातील ग्रामसभांपुढे ठेवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. त्याने देशाचे काय बिघडले? ज्याच्यासाठी ती खाण हवी होती, तो लांजीगडचा ॲल्युमिना कारखाना दुसरीकडचे बॉक्साइट आणून आजही चालतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बंदुकीच्या सावलीतल्या ग्रामसभेचे मत खरे कसे मानायचे? नक्षलवाद्यांनी २०१३ मध्ये सूरजागडच्या खाणकंपनीच्या अधिकाऱ्याचा जीव घेतला, २०१६ मध्ये खाणीवरची डझनावारी वाहने जाळली. ही हिंसा निंद्यच, आणि तिची सर्वाधिक झळ आदिवासींनाच बसली. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीतच शस्त्रे खाली ठेवली. भीती ओसरत असल्याचे शासनच सांगते. मग मोकळेपणी विचारण्याची वेळ हीच आहे. आधी बंदुकीमुळे विचारता आले नाही आणि आता बंदूक गेल्यावर विचारायची गरज उरली नाही, ही दोन्ही विधाने एकाच तोंडी शोभत नाहीत.

राहिला रोजगाराचा मुद्दा. खाणीमुळे स्थानिक तरुणांना पगार मिळू लागला, हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र संमती मागणे म्हणजे खाणबंदी नव्हे. विचारल्यावर एखादे गाव होही म्हणेल, पण देवस्थान, पाणी, रस्ता आणि नोकऱ्या यांच्या अटी घालून म्हणेल. आदिवासी गावाला व्यवहार कळत नाही, असे मानणाऱ्यांनी धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) पाहावे. सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवून २०११ पासून या गावाने आपला बांबू स्वतः विकला. तिथले निर्णय सर्वसहमतीने होतात.

जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी हाही संमतीला पर्याय होत नाही. नुकसान झाल्यावरचा तो वाटा आहे. नुकसान पत्करायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तर २०२३ मध्ये न्यायालयाने आणखी मागे जाऊन सांगितले की, खाणीचा दावा नोंदवण्याच्या टप्प्यावरच आदिवासी समुदायांशी सल्लामसलत करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. प्रांताला आपली नोंदणीपद्धत बदलावी लागली.

महाराष्ट्राला यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. पाचव्या अनुसूचीतील पाचव्या परिच्छेदानुसार राज्यपाल संसदेचा कोणताही कायदा अनुसूचित क्षेत्रात फेरफार करून लागू करू शकतात. मे २०२० मध्ये राज्यपालांनी हाच अधिकार वापरून वनहक्क कायद्यात बदल केला आणि फेटाळलेल्या दाव्यांवर विभागीय समितीकडे अपिलाची सोय केली. तशाच एका अधिसूचनेने मुख्य खनिजाच्या लिलावाआधी बाधित ग्रामसभांची लेखी संमती बंधनकारक करता येईल, आणि जनसुनावणी बाधित गावातच घेण्याची अटही घालता येईल. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरातच भरते. विदर्भाच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात ही मागणी करणारा ठराव मांडावा, आणि धरमपेठेतल्या मतदारांनी आपल्या आमदाराला तसे पत्र आजच लिहावे.