बाळाच्या फोटोची तारीख कोण ठरवणार?

हल्ली सातवा महिना लागला की डोहाळजेवणाच्या हॉलबरोबर आणखी एक बुकिंग होते, ते म्हणजे नवजात बाळाच्या फोटोशूटचे. कोणी वसई-विरारमधलाच स्टुडिओ पाहतात, कोणी बोरिवली-अंधेरीचा. मग दवाखान्यात प्रश्न येतो, "डॉक्टर, फोटोग्राफर म्हणतो पाचव्या ते चौदाव्या दिवसातच करा, नंतर तसे फोटो येत नाहीत. चालेल ना?" माझे उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोटोग्राफर खोटे बोलत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत बाळ दिवसातले सोळा-सतरा तास झोपते, हातपाय पोटाशी घेऊन पोटात होते तसेच गोळा होऊन पडते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते जास्त वेळ जागे राहू लागते, अंग ताणते, चेहऱ्यावर बारीक पुरळ येते, पुढे संध्याकाळचे रडणे सुरू होते. टोपलीत मुटकुळे करून झोपलेले बाळ हवे असेल तर पहिला पंधरवडाच बरा, हे कॅमेऱ्याच्या दृष्टीने खरे आहे.

अडचण अशी की ज्या दिवसांत बाळ फोटोसाठी सर्वात सोयीचे असते, तेच दिवस त्याच्या तब्येतीच्या दृष्टीने सर्वात नाजूक असतात. आणि फोटोग्राफरला जे हवे असते, म्हणजे गाढ झोप, तेच डॉक्टरला काही वेळा काळजीत पाडते.

कावीळ घ्या. पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साधारण साठ बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ दिसते. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास सर्वात जास्त असते आणि बहुतेकांची दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. पण काही बाळांत रक्तातले बिलिरुबिन खूप वाढते. असे बाळ सुस्त होते, दूध कमी ओढते. दूध कमी गेले की शी कमी होते आणि बिलिरुबिन बाहेर पडायचे ते आणखी साठते. फारच वाढले तर मेंदूला आणि ऐकण्याला कायमची इजा होऊ शकते. वेळेत निळ्या दिव्याखाली ठेवले तर हे टळते. आता हेच बाळ स्टुडिओत नेले आहे असे समजा. ते तीन तास हलत नाही, सगळे म्हणतात, "किती गुणी बाळ आहे!" स्टुडिओतल्या पिवळसर दिव्यांत त्वचेचा रंग कळत नाही आणि नंतर फोटोतला पिवळेपणा कॉम्प्युटरवर काढून टाकला जातो. म्हणून बाळाला दिवसाउजेडी खिडकीजवळ घ्या, छातीवर बोट हलके दाबून सोडा आणि खाली दिसणारा रंग बघा. पिवळेपणा पोटाच्या खाली, पायांवर, तळव्यांवर दिसत असेल किंवा जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांतच दिसला असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे जा. घरचे सांगतात तसे कोवळ्या उन्हात धरून वाट बघत बसू नका.

दुसरी गोष्ट वजनाची. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरते आणि दहा ते चौदा दिवसांत पुन्हा जन्माच्या वजनावर येते. म्हणजे याच काळात आईचे दूध आणि बाळाचे ओढणे यांचा मेळ बसत असतो. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचे असते. चार तासांच्या शूटमध्ये "आत्ता झोपलेय, उठवू नका" म्हणत एक पाजणे हमखास बुडते, किंवा जास्त झोपावे म्हणून बाटलीने वरचे दूध दिले जाते. झोप लागावी म्हणून ग्राइप वॉटर, बाळगुटी किंवा कुठलेही औषध देण्याचा सल्ला कोणी दिला, तर बाळ उचला आणि घरी या.

सुस्तपणा मी उगाच मोठा करत नाही. आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवले. त्यांचे काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. घरोघरच्या या काळजीने नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. त्या बायका रक्त तपासत नव्हत्या. आधी नीट रडणारे बाळ आता क्षीण रडते का, आधी जागे असणारे गुंगीत आहे का, दूध ओढणे सोडले का, अंग गार किंवा तापलेले लागते का, अशी लक्षणे त्या बघत होत्या. आजही आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला घरी भेटायला येतात त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. सहापैकी तीन भेटी पहिल्या दोन आठवड्यांतल्या आहेत, यावरून काय ते समजा.

आणि बाळंतीण? सिझेरियनचे टाके, बसताना ओढ, भरलेली छाती, रात्रीचे जागरण. अशा बाईला आठव्या दिवशी विरार लोकलने किंवा वर्सोवा पुलावरच्या ट्रॅफिकमधून मुंबईला न्यायचे, तेही कधी कधी पावसाळ्यात, नालासोपाऱ्यात पाणी भरलेले असताना! सव्वा महिना घराबाहेर पडू नका हा आजीबाईंचा नियम मला तंतोतंत मान्य नाही, आणि फोटोने नजर लागते हेही नाही. पण त्या नियमातला आरामाचा भाग अगदी बरोबर आहे. (फ्लॅशने बाळाचे डोळे जातात का, हे हमखास विचारतात. नेहमीच्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशने तसे होत नाही, निर्धास्त राहा.)

तर माझे मत असे. तारीख आधी ठरवू नका. एरवीही शंभरात चार-पाच बाळेच डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला जन्मतात. फोटोग्राफरला सांगा, दिवस बाळाच्या तपासणीनंतर कळवू, आणि तारीख पुढे गेली तर आगाऊ रक्कम बुडणार नाही हे लिहून घ्या. चौदाव्या दिवसाच्या सुमारास बाळाचे वजन करा. ते जन्माच्या वजनावर आले असेल, कावीळ उतरली असेल, नाळ पडून बेंबी कोरडी असेल, बाळ दिवसाला सहा तरी लंगोट ओले करत असेल, तर तिसऱ्या आठवड्यात खुशाल फोटो काढा. बाराव्या दिवशी बारसे असेल तर त्याच दिवशी शूट उरकू नका. पाहुण्यांच्या हातोहात फिरून बाळ आधीच थकलेले असते. दीड महिन्यानंतर करणार असाल तर लसीच्या दिवसापासून तीन-चार दिवस सोडा, त्या काळात ताप येऊ शकतो. वेळेआधी किंवा कमी वजनाचे जन्मलेले बाळ असेल तर दिवस मोजूच नका, बालरोगतज्ज्ञ हो म्हणतील तेव्हाच.

शक्यतो फोटोग्राफरला घरी बोलवा. खोली उबदार असावी, पंखा-एसी बंद, पण हीटर बाळाच्या अंगाजवळ नको. उघड्या बाळाला गारठा लवकर लागतो आणि जास्त उष्णताही तितक्याच लवकर चढते. पाठ आणि छाती हाताला कोमट लागली पाहिजे. कापड, टोप्या, दुलया घरच्या, धुतलेल्या वापरा; स्टुडिओतली तीच लोकरी टोपी आदल्या बाळाने ओली केलेली असू शकते. फोटोग्राफरला सर्दी-खोकला किंवा ओठावर जर आलेला असेल तर त्या दिवशी काम रद्द. हात साबणाने धुतल्याशिवाय कोणी बाळाला हात लावायचा नाही, मुका तर घ्यायचाच नाही.

हनुवटी तळहातांवर टेकवून बसलेल्या बाळाचा तो प्रसिद्ध फोटो प्रत्यक्षात दोन फोटो जोडून करतात. दोन्हींत कोणाचा तरी हात बाळाचे डोके किंवा मनगट धरून असतो. आपला फोटोग्राफर तो एकाच फोटोत, हात काढून घेणार असेल तर सरळ नाही म्हणा. नवजात बाळाची मान धरत नाही. हनुवटी छातीला चिकटली की श्वासाची वाट दबते, आणि झोपलेले बाळ ओरडून सांगत नाही. दोरीला टांगलेली झोळी, उंच स्टुलावरची टोपली, पाय सरळ करून आवळलेले कापड हेही नको. दुपट्यात पाय गुडघ्यांत वाकून बाजूला पसरायला मोकळे हवेत, नाहीतर खुब्याच्या सांध्यावर ताण येतो.

फोटो चालू असताना बाळाजवळ हातभर अंतरावर घरातले एक माणूस फक्त बाळाकडे बघत बसवा, मोबाइलवर व्हिडिओ काढायला नव्हे. बाळ पाजायच्या वेळेला उठले नाही, तर तळपायाला हलके चोळा, कपडे सैल करा, स्तनाजवळ घ्या. तरीही डोळे उघडून ओढत नसेल, तर शूट तिथेच थांबवून दवाखाना गाठा. फोटोग्राफरचे पैसे नंतर बघता येतील.