शेपटाचा कंदील

परवा सूनबाई मोबाइलवर आकाशकंदिलाचं किट बघत होती. कापून ठेवलेले पुठ्ठे, आखून दिलेल्या रेषा, मागे आधीच गोंद लावलेल्या टिकल्या. मी म्हटलं, ‘‘अगं, यात मुलांनी करायचं काय शिल्लक राहिलंय?’’ ती हसून म्हणाली, ‘‘आई, निदान पसारा तरी होत नाही!’’

तिचंही खरंच आहे. दिवसभर नोकरी करून आलेल्या बाईला दिवाळीच्या तोंडावर घरभर कागदाचे कपटे आणि चिकट हात नकोच वाटणार. पण मला त्या किटची भीती पसाऱ्यापेक्षा वेगळ्याच कारणानं वाटते. ते कारण सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

माझ्या लहानपणी दसरा झाला की वडील माळ्यावरून कंदिलाचा सांगाडा खाली काढत. सांगाडा तोच, दरवर्षी कागद मात्र नवा. जुना पतंगी कागद ओल्या फडक्यानं भिजवून सोडवायचा, निखळलेली कामटी दोऱ्यानं घट्ट बांधायची. तोवर आईनं स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवलेली असायची. किडे लागू नयेत म्हणून त्या वेळी खळीत चिमूटभर मोरचूदही घालत. (तो विषारी असतो. आज मुलांना घेऊन बसायचं असेल तर अजिबात घालू नका. नुसती मैद्याची खळ करा आणि उरलेली टाकून द्या.) आम्हा भावंडांच्या वाट्याला झिरमिळ्या यायच्या. एक लांब, एक आखूड, एक मधेच फाटलेली. वडील त्या तशाच्या तशा चिकटवत. शेजारचे काका हसले की म्हणत, ‘‘वाऱ्यावर सगळ्या सारख्याच हलतात हो!’’

अशा बापाची मी मुलगी. पण मी काय केलं?

माझा मुलगा पाच वर्षांचा होता तेव्हा आमच्या सोसायटीत कंदिलांची स्पर्धा ठेवली होती. लहान मुलांची, म्हणजे अर्थातच त्यांच्या आयांची! लेकानं दुपारभर बसून चांदणी केली. गुलाबी कागदाला सुरकुत्या, खळीचे ओघळ आणि एक टोक चक्क वाकलेलं. रात्री तो झोपल्यावर मी तो कागद हळूच सोडवला आणि नवा, ताणून, नीट लावला. टोकही सरळ केलं. सकाळी त्यानं कंदिलाकडे बराच वेळ पाहिलं आणि काही बोलला नाही. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं, स्टीलची ताटली.

पुढच्या दिवाळीत मी त्याला हाक मारली तर म्हणाला, ‘‘तूच कर, तुझा छान होतो.’’ आणि मला काय वाटलं असेल? कौतुक वाटलं हो! शेजारणींना सांगितलंसुद्धा मी ते. तो त्यानंतर कधीच कंदील करायला बसला नाही, हे माझ्या लक्षात यायला किती वर्षं जावी लागली! त्याची दुधाची बाटली, पहिली पाटी, सगळं जपलंय मी. पण त्याच्या हातचा एकही कंदील माझ्याकडे नाही.

आठवण म्हणून एखादी वस्तू जपायची, तर त्यात त्या वयाचा हात दिसायला हवा ना? पाच वर्षांच्या मुलाची कात्री रेषेवरून घसरणारच. आपण बायका ती चूक पुसायला टपलेल्या असतो. शाळेचा प्रोजेक्ट असो, दिवाळीतला किल्ला असो, गणपतीची आरास असो. थर्माकोलवर 2018 मध्ये राज्यात बंदी आली तेव्हा मला वाटलं होतं, आता घराघरात पुन्हा कागद-कात्री बाहेर निघेल. निघालीही, पण बऱ्याच ठिकाणी कात्री आईच्याच हातात!

गेल्या वर्षी नातीला घेऊन मी जुन्या लग्नपत्रिकांचा कंदील करायला बसले. अगदी सोपा असतो. जाड कागद मधोमध दुमडायचा, दुमडीकडून काप देत जायचं आणि कडेच्या बोटभर आधी थांबायचं. मग उघडून गोल गुंडाळायचा आणि चिकटवायचा. नात थांबायचं विसरली. एक काप थेट कडेपर्यंत गेला आणि पट्टी लोंबायला लागली. माझा हात गोंदाच्या बाटलीकडे गेलाच. तेवढ्यात सोफ्यावर पेपर वाचत बसलेला मुलगा, पेपर खाली न करता म्हणाला, ‘‘आई, राहू दे.’’

एवढंच. माझा हात तिथेच थांबला. त्याला ती चांदणी आठवत होती की नाही, मी विचारलं नाही. अजूनही विचारायचा धीर होत नाही.

नात मात्र खूश! ‘‘आजी, याला शेपूट आलं!’’ मग तिनं तळाशी स्वतःचं नाव आणि साल घातलं, त्यातला एक आकडा उलटा. कंदील आम्ही गॅलरीत न लावता घरातच टांगला, कारण उन्हानं रंग उडतात. आत बारीक एलईडीची माळ सोडली. पूर्वीच्या बल्बसारखा कागद तापायची भीती नाही. दिवाळी झाल्यावर माझ्या जुन्या सुती साडीत, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून तो माळ्यावर ठेवलाय. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला असता तर आमच्या मुंबईच्या पावसाळ्यात दमट होऊन त्याला बुरशी धरली असती.

सूनबाईनं अजून ते किट मागवलेलं नाही. नात रोज विचारतेय, शेपटाचा कंदील कधी काढायचा? आणि ती बक्षिसाची स्टीलची ताटली अजून आहे. मिक्सरच्या भांड्यावर झाकण म्हणून बरी पडते.