पट्टी बांधण्याआधी

मधुमेही माणसाच्या तळपायाची जखम महिना-दोन महिने भरत नाही, तेव्हा घरचे म्हणतात, ‘साखरेमुळे चिघळली.’ दिवसाआड ड्रेसिंग होते, अँटिबायोटिक बदलते आणि अखेर कोल्हापूरची नाहीतर मुंबईची वाट धरावी लागते. तिथे पोहोचेपर्यंत बोट काढायचे की पाऊल, एवढाच प्रश्न पुष्कळदा उरलेला असतो. रत्नागिरी जिल्ह्यात ही पाळी टाळता येण्यासारखी आहे. त्यासाठी सगळ्या जखमांना एकच उपचार करण्याची सवय मोडायला हवी.

जखम न भरण्याचे कारण माणसागणिक वेगळे असते. एकाच्या पायाकडे रक्तच पुरेसे जात नाही, दुसऱ्याच्या हाडापर्यंत जंतू पोहोचलेले असतात, तिसऱ्याच्या अंगात प्रथिनांची उणीव असते. आणखी एक कारण डोळ्यांना दिसत नाही. जखमेतल्या पेशी एमएमपी-9 नावाचे विकर सोडतात. जुना, निकामी भाग साफ करणे हे त्याचे काम. त्याला आवर घालणारे टिंप-1 हे प्रथिन कमी पडले की हेच विकर नव्याने तयार होणारे कोलॅजनही तोडत सुटते. अशा जखमेवर ग्रोथ फॅक्टरचे महागडे जेल लावले तरी त्यातले औषध तिथेच विघटित होण्याचा धोका असतो आणि घरच्यांनी दागिना मोडून उभा केलेला पैसा वाया जातो. जखमेतल्या स्रावात या दोहोंचे प्रमाण पाहिले तर ती भरेल की रेंगाळेल याचा अंदाज येतो, असे संशोधनात दिसले आहे. ही तपासणी रोजच्या उपचारात अजून रुळलेली नाही. ती रुळायला हवी.

तोवर थांबून राहण्याचे मात्र काही कारण नाही. हाताशी असलेल्या खुणाच आपण पुरत्या वापरत नाही. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागले आणि उत्तर 0.9 च्या खाली आले, तर पायाचा रक्तपुरवठा तपासलाच पाहिजे. मधुमेहात धमन्या कडक झाल्या की हा आकडा फसवतो, म्हणून पायाच्या अंगठ्याचा दाबही घ्यावा. रक्ततपासणीत ईएसआर 70 च्या पुढे असेल आणि जखमेत घातलेली निर्जंतुक सळई थेट हाडाला टेकत असेल, तर हाडाच्या संसर्गाची दाट शंका घ्यावी; तिथे नुसत्या मलमपट्टीने भागत नाही. सर्वांत स्वस्त खूण म्हणजे जखमेचे माप. अमेरिकेत 2003 साली 203 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांत ज्यांची जखम 53 टक्क्यांहून अधिक आक्रसली होती, त्यांतल्या 58 टक्के रुग्णांची जखम बारा आठवड्यांत भरली. बाकीच्यांत हे प्रमाण अवघे 9 टक्के होते. म्हणजे एक मोजपट्टी आणि मोबाइलवर काढलेला फोटो एवढ्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिकाही ओळखू शकते की इथला उपचार लागू पडत नाही, रुग्णाला आता पुढे पाठवले पाहिजे.

मधुमेहात पायाची संवेदनाही जाते, आणि असा बधिर पाय रत्नागिरीला नवा नाही. एकोणिसाव्या शतकापासून इथे कुष्ठरुग्णालय होते. कुष्ठरोग्याचा पाय रोगाने झडत नाही, संवेदना गेलेल्या तळव्यावर भार पडत राहिल्याने तो जखमी होतो, हे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. पाय प्लास्टरमध्ये ठेवून भार हलका करण्याची जी रीत कुष्ठरुग्णांसाठी वापरली गेली, तीच पुढे जगभर मधुमेहींच्या कामी आली. जांभ्याच्या कातळावर अनवाणी चालणाऱ्या, लावणीला दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या माणसाला काटा रुतल्याचे कळेल की नाही, हे दहा ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूने मिनिटभरात समजते. तळव्यावर तंतू वाकेपर्यंत टेकवायचा आणि रुग्णाला डोळे मिटून ‘कळले’ म्हणायला सांगायचे, एवढेच.

आणखी एक गोष्ट आपल्या शरीराच्या मापांची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले की भारतीय माणूस दिसायला बारीक असूनही अंगात चरबी अधिक बाळगतो. कमी वयात मधुमेह जडलेल्या पुण्यातील रुग्णांत इन्सुलिनची टंचाई असलेला गट सर्वांत मोठा निघाला. युरोपातले चित्र वेगळे होते. मग जखमेच्या खुणांचे आकडे तरी परक्या देशाचे जसेच्या तसे का घ्यायचे? कोकणातल्या रुग्णांची मोजमापे कोकणातच गोळा झाली पाहिजेत. डेरवणचे वालावलकर रुग्णालय ग्रामीण कोकणात दीर्घ पाठपुराव्याचे संशोधन करते आहे, रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही उभे राहिले आहे. हे काम इथे होऊ शकते.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तंतू, मोजपट्टी आणि जखमांची नोंदवही हवी. चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही, तर रुग्णाला रत्नागिरीच्या वैद्यकीय महाविद्यालयात पायाच्या चिकित्सेसाठी जागा मिळालीच पाहिजे. तिथे रक्तपुरवठा, हाड, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन तपासून उपचार ठरावा आणि रुग्णाची संमती घेऊन स्रावाचा नमुना संशोधनासाठी जपावा. जिल्हा नियोजन समितीने येत्या वार्षिक आराखड्यातच यासाठी तरतूद करावी.