शाळा काढायचीये? आधी वर्गात उभं राहा



आपल्या प्रत्येक बॅचमध्ये एक तरी जण म्हणतो, "सर, शाळा टाकायचीये. या धंद्याला मंदी नाही." आणि एखादी शिक्षिका असते, ती खासगी शाळेतल्या पगाराला कंटाळून तेच म्हणते. दोघांना माझं आता एकच उत्तर आहे. धंदा म्हणून शाळा काढू नका. करिअर म्हणून शाळेत जरूर जा.

'आता' म्हणालो, कारण काही वर्षांपूर्वी मी बरोबर उलटा सल्ला दिला होता. एक ताई होत्या, विनाअनुदानित शाळेत सात वर्षं शिकवत होत्या. मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. मी पडलो बीबीएवाला, लगेच कॅल्क्युलेटर काढला. इतकी मुलं गुणिले इतकी फी, वजा भाडं, वजा पगार. म्हणालो, "ताई, कर्ज काढा आणि स्वतःची नर्सरी सुरू करा."

त्यांनी केली. पहिल्या वर्षी मुलं आलीही. पण ताईंचा दिवस फी मागण्यात, व्हॅनवाल्याच्या फोनात आणि प्लंबर शोधण्यात जायला लागला. वर्गात कमी पगारावर ठेवलेल्या नवख्या मुली. पालक ज्यांच्या भरवशावर आले होते, त्या ताईच वर्गात दिसेनात. दुसऱ्या वर्षी प्रवेश निम्म्यावर आले आणि नर्सरी बंद झाली. "सर, मला शिकवायचं होतं, मी वसुलीला लागले," हे त्यांचं वाक्य मला अजून टोचतं. कर्जाचे हप्ते त्या आजही भरताहेत.

माझं चुकलं कुठे? मी शाळेला दुकान समजलो.

दुकानाचा नफा मालकाच्या खिशात जातो. शाळेचं तसं नाही. नर्सरी छोटी असते म्हणून लक्षात येत नाही, पण पुढे पहिलीपासून वर्ग वाढवायचे म्हटलं की कायदा समोर येतो. महाराष्ट्रात स्वयंअर्थसहाय्यित शाळांसाठी २०१२ चा कायदा आहे. शाळा तुमच्या-माझ्या नावावर निघत नाही. त्यामागे ट्रस्ट, नोंदणीकृत संस्था किंवा कंपनी लागते. फी ठरवायला २०११ चा शुल्क कायदा आहे, त्यात पालकांनाही बोलायचा हक्क आहे. शिवाय सुप्रीम कोर्टाने २००२ च्या टी. एम. ए. पै प्रकरणात स्पष्ट केलंय की संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक चालेल, नफेखोरी नाही. म्हणजे पैसे गुंतवा, दुप्पट करा आणि बाहेर पडा, हे गणित इथे बसतच नाही.

मग करिअरचं काय? तिथे मात्र पक्की शिडी आहे. शिक्षक, पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक, मुख्याध्यापक. इंग्रजी माध्यमात त्यालाच कोऑर्डिनेटर, व्हाइस प्रिन्सिपल, प्रिन्सिपल म्हणतात. आणि ही शिडी कुणी उडी मारून चढू नये म्हणून नियम आहे. खासगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीप्रमाणे माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक व्हायला पदवीनंतर किमान पाच वर्षं पूर्णवेळ शिकवल्याचा अनुभव लागतो, त्यातली दोन वर्षं बी.एड. झाल्यानंतरची. मला हा नियम फार आवडतो. गल्ल्यावर न बसता दुकान चालवणारा जसा बुडतो, तसाच वर्गात न उभा राहिलेला प्रिन्सिपल.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि १ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. याच विष्णुशास्त्रींनी छापखाना काढला, किताबखाना काढला, चित्रशाळा काढली. उद्योगी माणूस होता! पण शाळेत ते आणि टिळक स्वतः शिकवत होते. तिथेच काम केलेले वामन शिवराम आपटे पुढे फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले. आधी वर्ग, मग खुर्ची.

तुम्ही म्हणाल, "सर, पण पगार?" खरंय, बऱ्याच खासगी शाळांत तो कमीच आहे. खासगी शिकवण्या घेऊन भरपाई करावी, तर शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना त्याची मनाई आहे. म्हणून नोकरी धरतानाच धंद्यासारखं डोकं चालवा. नेमणुकीचं पत्र लेखी घ्या. पगार बँकेतूनच घ्या. मान्यताप्राप्त खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे, तो एकदा वाचा. अन्यायाने काढून टाकलं तर दाद मागायला शाळा न्यायाधिकरण आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आणि ज्याला पैसाच कमवायचाय त्याने शाळेच्या बाहेर राहून कमवावा. वह्या, गणवेश, डबे, व्हॅन, काय वाट्टेल ते. मी स्वतः तेच करतो. पण तिथेही सांभाळा. माझ्या दुकानाच्या पहिल्या वर्षी एका शाळेने यादी माझ्याकडे पाठवायचं कमिशन मागितलं. मी दिलं, आणि वह्यांचे भाव वाढवून ते पालकांकडून काढलं. अभिमानाने सांगण्यासारखं नाही हे. पण तेव्हा कळलं, खुर्चीवर कोण बसलंय यावर शाळेचं सगळं ठरतं.

त्या ताई परत नोकरीला लागल्या. या जूनपासून पर्यवेक्षिका आहेत. मी फोन केला, अभिनंदन केलं, आणि सवयीने वह्यांचा विषय काढला. त्या हसून म्हणाल्या, "सर, आमचे पालक जिथे स्वस्त मिळेल तिथून घेतील. यादीवर दुकानाचं नाव नसणार."

माझी ऑर्डर गेली. पण माझी मुलगी शाळेत घालायची वेळ आली, तर मी अशाच बाईंची शाळा शोधेन.

तेव्हा शाळा काढायचा विचार असेल तर आधी पाच वर्षं शिकवून या, मग आपण बसून हिशेब करू. भेटूया पुढच्या व्हिडिओत!